पक्के पाय

आधी मॅडमबद्दल लिहितो. नांदेडच्या एका कॉलेजात त्या गणित शिकवतात, आणि शिकवता शिकवता स्वतःही अजून शिकतात, पीएच.डी.साठी. मी त्याच विभागात कंत्राटी शिपाई आहे. आज मी दोन्ही पावलं जमिनीला टेकवून खुर्चीत बसलोय आणि हे लिहितोय, ते त्यांच्यामुळं. नाव घालत नाही. "माझं नाव कुठंही यायला नको हं मामा," असं त्यांनी बजावलंय. इथं शिपायाला सगळे मामाच म्हणतात. त्यांनी नेमकं काय केलं ते सांगायचं तर आधी माझे पाय सांगावे लागतील.

माझं गाव देवणीच्या पुढं, कर्नाटकाला चिकटून. शाळा सहावीत सुटली. वडील गेले त्या वर्षी परीक्षेला बसलो नाही, पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही, आणि मग ते तसंच राहिलं. वाचायची सवय मात्र गेली नाही. किराण्याच्या पुड्याचा कागद हातात आला की आधी तो वाचायचो, मग साखर डब्यात ओतायचो. मिसरूड फुटायच्या वयात लातूरला डाळ मिलवर लागलो आणि चाळिशी ओलांडेपर्यंत तिथंच राहिलो.

काम फरशीवरचं. तुरीला तेलपाणी लावून तिचा ढीग झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या मागच्या मोठ्या सिमेंटच्या फरशीवर ती पसरायची. मग ती वाळेपर्यंत तिच्यातून अनवाणी चालायचं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. म्हणजे खालचा दाणा वर येतो आणि मागं एक सरी पडत जाते. फावड्यानं दाणा फुटतो, चपलेनं माती येते, म्हणून पायच. दाणा दाताखाली कट्‌ वाजला की तूर वाळली.

उन्हाळ्यात दुपारी त्या फरशीवर पाणी सांडलं तर पुसायला लागायचं नाही. नवा माणूस तिच्यावर नाचायचा. जुने सावलीत बसून म्हणायचे, "नाच, नाच, हलगीवाल्याला बोलवू का?" जुन्यांना मात्र काही व्हायचं नाही. एकेका उन्हाळ्यात एकेकाचं पोळणं बंद व्हायचं. त्याला फरशीवर 'पाय पक्का झाला' म्हणत, आणि ज्याचा पाय पक्का झाला त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा, असा रिवाज होता. चहा पाजला की तो जुन्यात बसला. मग त्याला कुणी हलगी म्हणायचं नाही.

माझे पाय लई वर्षं कच्चेच राहिले. माझ्या मागून आलेल्यांनी चहा पाजला, तरी मी आपला सावलीच्या कडेकडेनं सऱ्या ओढायचो. आणि मग एका उन्हाळ्यात पोळणं थांबलं. मुकादमाच्या ध्यानात आलं. भर दुपारी त्यानं मला रिकाम्या फरशीवर नेऊन उभं केलं. बाकीचे सावलीतून बघत होते.

"काय लागून राहिलंय?"

"काही न्हाई."

"पोळतंय का?"

"न्हाई ओ. गार वाटून राहिलंय."

"झाला रे! ह्याचाबी झाला! लगीन जमायला लागला नसंल एवढा येळ लागला बघा ह्याला."

टपरीवरून किटली आली. सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या. संध्याकाळी तळव्यांना मोठे मोठे फोड दिसले. फोड तर सगळ्यांनाच येतात. हळद-तेल चोपडलं आणि झोपलो. दुखलं नाही. पक्क्या पायाचा उपयोगच तो, असं मला वाटलं.

मला साखर असल्याचं त्याच्या आधीच कळलं होतं, मार्केट यार्डातल्या एका शिबिरात बोटाला सुई टोचून. गोळ्या दिल्या होत्या. असल्या की घ्यायचो, संपल्या की नाही. साखरेचा आणि पायाचा काही संबंध असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि फरशीवर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं मालकानं तूर वाळवायचं मशीन बसवलं. फरशीवरची माणसं कमी केली, त्यात मी. बायकोच्या भावाच्या ओळखीनं नांदेडला हे काम मिळालं. बायको गावी राहिली, अव्वाजवळ. अव्वा म्हणजे माझी आई. ती आता खाटेवरून उठत नाही. नकाशात बघितलं तर नांदेड आमच्या गावाहून फार लांब नाही. पण एसट्या बदलत जायचं, आणि सुट्टी मागितली की कंत्राटदाराचा माणूस म्हणतो, "मग कायमचीच घे ना." तेव्हा लांबच.

कॉलेजात माझं काम सोपं. वर्ग उघडायचे, घंटा द्यायची, चहा आणायचा, संध्याकाळी फळे पुसायचे. मॅडमच्या खोलीत एक फळा होता. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, 'पुसू नये'. वर दोन चौकोन काढलेले, त्यांच्यात येणारे-जाणारे बाण, आणि बाणांवर अक्षरं. ती मराठी नव्हती, इंग्रजी नव्हती. मी फक्त फळ्याची चौकट पुसायचो. रोज बघून बघून ते दोन चौकोन डोळ्यांत बसले. एकदा विचारलं.

"मॅडम, हा घराचा नकाशा हाय का?"

त्या हसल्या. "घरंच म्हणा, मामा. ह्या पहिल्या घरात साखरेचा आजार झालेली माणसं, पण ज्यांचं अजून काही बिघडलेलं नाही अशी. ह्या दुसऱ्या घरात ज्यांचं त्या साखरेनं काहीतरी बिघडलंय. डोळे, किडनी, हृदय, पाय."

"आणि बाण?"

"बाण म्हणजे दारं. इथून दरवर्षी नवीन माणसं पहिल्या घरात येतात. त्यातली काही इकडं, दुसऱ्यात जातात. मरण दोन्ही घरांना आहे, पण ह्या घरातून जास्त. हे दार अपंग होणाऱ्यांचं. आणि हे बारीक दिसतंय ना, ते बरं होऊन परत पहिल्या घरात जायचं. कुठल्या दारातून वर्षाला किती जातात ते धरलं, की पुढं दहा-वीस वर्षांनी कुठल्या घरात किती गर्दी असेल ते काढता येतं."

"ते कशाला काढायचं?"

"किती दवाखाने लागतील ते आधीच कळतं. आणि कुठलं दार आवळलं तर सगळ्यात जास्त माणसं वाचतील, तेही."

मला बरं वाटलं, की आपल्याला समजलं. समजलं हे त्यांनाही दिसावं म्हणून मी म्हणालो, "म्हणजे मी पहिल्या घरातला. मला साखर हाय, पण बिघडलं काही न्हाई. पाय तर माझे एकदम पक्के हायत." आणि त्यांना सगळं सांगितलं: फरशी, हलगी, मुकादम, चहा. हलगीपाशी त्या मोठ्यानं हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"गार वाटलं, म्हणालात?"

"हाव."

"फोड आले तरी दुखलं नाही?"

"न्हाई ना. पक्के झाले होते."

"मामा, चप्पल काढा बघू."

मी काही काढली नाही. एका बाईमाणसाला, त्यातून शिकवणाऱ्या बाईला, आपले तळवे वर करून दाखवायचे, हे माझ्याच्यानं झालं नसतं. घंटेची वेळ झाली म्हणून निघून आलो. घंटेला वेळ होता. त्यानंतर त्या रोज विचारायच्या, "गेलात का डॉक्टरकडं?" मी म्हणायचो, "जातो, मॅडम." रजेचा विचार मनात यायचा, कंत्राटदाराचा माणूस डोळ्यांपुढं यायचा, आणि दिवस मावळायचा.

एक दिवस त्या पेपर तपासत होत्या. मी चहा घेऊन आलो. त्यांनी मान वर केली नाही, नुसत्या म्हणाल्या, "मामा, थांबा."

थांबलो.

"आता चाला."

चाललो.

"तुमच्या पावलाचा टक टक आवाज येतोय. घोड्यासारखा. एकाच पायाचा."

डावी चप्पल उलटी करून बघायला गेलो तर ती पायातून निघेना. वाकून बघितलं. नोटीस बोर्डावरची पितळी टाचणी, ती चपटी टोपीवाली, झिजलेल्या रबरातून आरपार तळव्यात गेली होती. फरशीवर वाजत होती ती तिची टोपी. केव्हा घुसली, कोण जाणे. चप्पल ओढून काढली. रबरावरचं रक्त काळं पडलं होतं, म्हणजे आजचं नव्हतं. मला काही वाटलं नाही. मॅडम मात्र "आई गं" म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी टेबल धरलं. माझ्या पायाचं दुखणं त्या खोलीत कुणाला झालं असेल तर ते त्यांना.

त्यांनी पेपर तसेच टाकले. मला स्कूटीवर मागं बसवलं आणि दवाखान्यात नेलं. सगळं कॉलेज बघत होतं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो.

डॉक्टर खाली स्टुलावर बसले, माझं पाऊल मांडीवर घेतलं. त्यांच्याकडं नायलॉनची एक बारीक तार होती, दांडीला लावलेली. म्हणाले, डोळे मिटा, तार लागली की हो म्हणा. मी डोळे मिटले.

"हाव," मी म्हणालो. मग परत, "हाव." आणि मग, "हाव."

"मामा, मी अजून सुरूच केलेलं नाही."

मॅडम खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. मला फसवायचं नव्हतं. एवढा शिकलेला माणूस आपलं पाऊल मांडीवर घेऊन बसलाय, त्याला नाही कसं म्हणायचं, एवढंच होतं. "आता खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. मग मी गप्प बसलो. बराच वेळ गप्प होतो. डोळे उघडले तेव्हा त्यांची तपासणी संपलेली होती.

पाय पक्के झाले नव्हते. साखरेनं पायाच्या नसा गेल्या होत्या. टाचणीची जखम बारीक होती, पण तिच्या शेजारी, दुसऱ्या बोटाच्या खाली, घट्ट्याच्या आत एक जुनी जखम होती. ती आतल्या आत पसरली होती. पायाचा एक्स-रे काढला. हाडाला लागल्यासारखं वाटतंय, डॉक्टर म्हणाले. औषधानं आटोक्यात आलं तर बोटावर भागेल, वर चढलं तर पाऊल काढावं लागेल. काही आठवडे लागतील कळायला. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही.

भार न देणारा शिपाई कोण ठेवील? अव्वाची औषधं, गावातलं घर, सगळं ह्या चालण्यावर होतं. मला भीती वाटली, पण शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तशी ती लांबून ऐकू येत होती. मी खोलीवर बसून भिंतीकडं बघायचो. जेवण झालं की नाही ते ताट बघून कळायचं.

बायकोला फोनवर सांगितलं.

"बोट जाईल, न्हाईतर पाऊल."

ती म्हणाली, "कोणतं?"

"डावं."

"येऊ का मी?"

"अव्वापाशी कोण बसंल?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला ती दोन घरं सांगितली, मॅडमनी सांगितली तशी. मी पहिल्या घरात हाय असं वाटत होतं, म्हटलं, पण मी कवाच दुसऱ्यात जाऊन बसलोय.

"मग उलटं या की. ते बारीक दार हाय म्हनता ना, त्यातनं."

"तसं नसतंय ते."

"तुमाला रस्ते कुठं कळत्यात? उदगीरच्या ठेसनावर भलत्याच अंगाला उतरून बसले व्हते. मी हाक मारली म्हनून आले."

मग ती रडली बहुतेक. फोन तिनं ठेवला.

कॉलेजात मॅडम विभागप्रमुखांशी बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण दाराशी एक खुर्ची आली, समोर पाय ठेवायला स्टूल आलं, आणि घंटेची दोरी माझ्या हाताला येईल अशी लांब करून बांधली. चहा मॅडम स्वतः आणायच्या, आणि माझाही आणायच्या. कंत्राटदाराचा माणूस आला तेव्हा हे बघून कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"वा! शिपाई बसलाय आणि मॅडम चहा आणून राहिल्या. उलटी गंगाच की ओ."

"माझा चहा मी आणते," मॅडम म्हणाल्या. "घंटा ते देतात. वेळेवर होते का नाही घंटा?"

"होती की."

"मग झालं तर."

मलमपट्टीला त्या दिवसाआड मला स्कूटीवर घेऊन जायच्या. वाटेत आम्ही फार बोलायचो नाही. मी प्रत्येक वेळी "मेहरबानी, मॅडम" म्हणायचो. त्या म्हणायच्या, "धरून बसा."

एकदा धीर करून विचारलं. फळ्यासमोर बसलो होतो. "मॅडम, त्या बारीक दारानं किती जण परत येत्यात?"

"मी एक आकडा धरलाय," त्या म्हणाल्या. "तो बाहेरच्या देशातल्या अभ्यासातून घेतलाय. आपल्या लातूर-नांदेडचा आकडा मी खूप शोधला, मला कुठं सापडला नाही."

"मग माझं काय धरायचं?"

"मामा, हे गणित एका माणसाचं नसतं. हजार माणसं असली तर त्यातली किती, एवढंच ते सांगतं. त्यातलं कोण, ते नाही सांगत. तुमच्या पायाचं मला ह्यातून काहीही कळत नाही."

त्यांना धीर देता आला असता. सगळेच देत होते. बरं होईल म्हणत होते, आणि मी सगळ्यांना हाव म्हणत होतो. मॅडमना मला हाव म्हणावं लागलं नाही.

शेवटी बोट काढलं. पाऊल राहिलं. पाय बधिर करायची सुई देताना मी म्हणालो, "नसती दिली तरी चाललं असतं." डॉक्टर हसले नाहीत. मॅडम बाहेर बाकावर पेपर तपासत बसल्या होत्या. मला बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या हातातल्या लाल पेनाला टोपण नव्हतं आणि एकाही पेपरावर खूण नव्हती.

बऱ्याच दिवसांनी चालत कॉलेजात गेलो, तळाशी जाड मऊ थर असलेले नवे बूट घालून. ते दुकान दवाखान्यानं सांगितलं होतं, तिथंही मॅडमच घेऊन गेल्या होत्या. फळा तसाच होता. धूळ बसली होती चौकटीवर.

"आता मी कुठल्या घरात, मॅडम?"

त्यांनी खडू हातात घेतला. "गणितात जखम भरली की मी माणूस पहिल्या घरात धरते. पण तुमच्या पायाला कळायचं ते काही परत येणार नाही. म्हणजे खरं बघितलं तर तुम्ही दुसऱ्यातच. असल्या गणितात सगळं सोपं करून मांडावं लागतं, मामा. तुम्ही त्यात नीट बसत नाही."

"मग उंबऱ्यावर बसतो."

"बसा की. मागं सरकू नका, एवढं बघा."

त्यांनी मला दांडीचा एक आरसा दिलाय. रोज संध्याकाळी आरसा पायाखाली धरून तळवे बघतो. पायाला कळत नाही ते डोळ्यांनी बघून घ्यायचं, असं डॉक्टरांनी शिकवलं. एवढी वर्षं ह्या तळव्यांवर कमावलं, पण त्यांच्याकडं असं बघितलं नव्हतं. बघताना विशेष काही वाटत नाही. दात घासावेत तसं बघतो. गोळ्या मात्र आता संपू देत नाही.

मध्ये मुकादमाला फोन लावला. तो आता लातूरलाच दुसऱ्या, लहान मिलवर असतो. तिथं अजून फरशीवरच तूर वाळवतात.

"कोण? आरं, पक्क्या पायाचा!"

मी त्याला सगळं सांगितलं. बोट गेल्याचं, नसांचं, साखरेचं. सगळ्यांचेच पाय साखरेनं पक्के होत नसतील, काहींचे नुसते घट्टेही असतील, पण बघून घ्यायला पाहिजे, असं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"म्हंजे आता समद्यांना पाजलेला चहा वापस मागायचा का?" तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "माझेबी तसेच हायत की रे. किती वर्षं झाली."

"तळवे बघा. साखर तपासून घ्या."

"बघतो," तो म्हणाला. मी 'जातो, मॅडम' म्हणायचो, तसंच म्हणाला.

हे मॅडमना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिथं किती माणसं असतील, मामा?" एवढंच विचारलं, आणि परत लिहायला लागल्या. पण मला ते विचारणं पुरलं.

मॅडम, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवू नका, नाव घातलेलं नाही. तुमचं माझ्यावर जे आहे ते फिटायचं नाही हे मला माहीत आहे, तरी मी फेडीन. एक दिवस तुम्हाला लातूरला नेईन, मुकादम आता असतो त्या फरशीवर. डॉक्टरांची ती तार बरोबर घेऊ. मुकादम पाय पुढं करणार नाही, बाकीचेही लाजतील, मीही लाजलोच होतो. म्हणून आधी मी बूट काढीन, सगळ्यांसमोर डोळे मिटून बसेन, आणि कळणार नाही तिथं हाव म्हणणार नाही. मग ते एकेक करून येतील. तुमच्या त्या बारीक दारावर लिहायला आपल्याकडचा आकडा तिथून सुरू होईल. आणि त्या दिवशी सगळ्या फरशीला चहा माझ्याकडून. किटली आणायला तुम्ही उठायचं नाही. ती मी चालत जाऊन आणीन.